कासव चांगल्या जागी द्यायला गेले आणि ४८,५५० रुपये घालवून बसले

आधी आकडा सांगते. १,८५०, मग ६,५००, मग २,२००, मग २०,००० आणि शेवटी १८,०००. एकूण ४८,५५०. पाच दिवसांत. हे पैसे लॉटरीच्या किंवा पार्टटाइम जॉबच्या नादात गेलेले नाहीत, घरातलं कासव तळ्यात न टाकता नीट जागी पोचवायचं म्हणून गेलेत, आणि राग त्याचाच जास्त येतोय. दीड महिना झाला, घरातल्यांशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं कारण लाज वाटत होती. आता लिहितेय त्याचं कारण शेवटी सांगते.

२०१७ ला लेक तिसरीत होती, स्टेशनजवळच्या मासेवाल्याच्या दुकानातून (अ‍ॅक्वेरियमवाला) ३०० रुपयांना जोडी घेतली. दहाच्या नाण्यापेक्षा जराशी मोठी पिल्लं, सोबत प्लास्टिकचं ताडाचं झाड असलेलं भांडं १५० ला. दुकानदार म्हणाला, भांडं लहान ठेवा, म्हणजे कासवं एवढीच राहतात. पहिली फसवणूक खरं तर तीच. लहान भांड्यात कासव लहान राहत नाही, आजारी पडतं. तो सोबत सुक्या झिंग्यांचं पाकीट द्यायचा आणि आम्ही पाच महिने तेवढंच घालत होतो. एका पिल्लाचे डोळे सुजून बंद झाले, कवच बोटाने दाबलं की दबायचं, आणि एका सकाळी ते पाण्यावर तरंगत होतं. लेक दोन दिवस जेवली नाही. मग डॉक्टर शोधला, पक्षी-कासवं बघणारा, तेव्हा कळलं की यांना पाण्याबाहेर येऊन अंग सुकवायला कोरडी जागा लागते, यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण) देणारा दिवा लागतो, कॅल्शियम लागतं. आम्ही टब खिडकीच्या बंद काचेपाशी ठेवून खूश होतो की ऊन मिळतंय, पण काचेतून यूव्हीबी येतच नाही.

दुसरी जगली. चिंगी. रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असतो ती जात. आज तिचं कवच २२ सेंटिमीटर आहे आणि वजन दीड किलो. माद्या नरांपेक्षा मोठ्या होतात आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतात, हे विकताना कुणी सांगत नाही.

मग द्यायची का होती? दोन कारणं. नणंद बाळंतपणाला आमच्याकडे यायची होती, दोन खोल्यांचं घर, आणि कासवांच्या अंगावर, पाण्यात साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो, तान्ह्या बाळाला ते महागात पडतं. अमेरिकेत याच कारणासाठी १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं विकायला बंदी आहे, आणि आपल्याकडे तीच पिल्लं पोरांच्या हातात ठेवतात. दुसरं म्हणजे चिंगी खाणं सोडून रात्रभर टबाच्या कोपऱ्यात नखं घासायची. डॉक्टर म्हणाले अंडी आहेत पोटात, नर नसला तरी मादी अंडी घालते, तिला उकरायला वाळू द्या नाहीतर अंडी आत अडकतील. तेवढ्या घरात कुठे वाळू करणार, असं मला तेव्हा वाटलं.

ठाण्याच्या आत्येसासूबाई म्हणाल्या, तलावपाळीला सोडून ये, पुण्य लागेल. लोक हेच करतात. देवळाच्या तळ्यात सोडतात, हात जोडतात आणि घरी येतात. हे कासव अमेरिकेतलं आहे, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं, जगातल्या सगळ्यात त्रासदायक १०० उपऱ्या जातींच्या यादीत आहे, युरोपने त्याची आयात १९९७ लाच बंद केली. आपल्या कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं दोन्ही ते बळकावतं. गुवाहाटीच्या दीपोर बील तलावातसुद्धा सापडलंय. मी हे सगळं वाचलेलं होतं म्हणूनच सोडलं नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण पोलिस चौकीत मला "हौस करताना विचार करायचा ना" असं ऐकवलं गेलं. विचार केला म्हणूनच तर फसले.

जूनमध्ये प्राणी दत्तक देण्याच्या एका ग्रुपवर फोटोसकट पोस्ट टाकली. तासाभरात मेसेज. "ताई, आमचं रजिस्टर्ड कासव पुनर्वसन केंद्र आहे, मोठं तळं आहे, व्हॅन पाठवतो." डीपीला सिंहांची राजमुद्रा. तळ्याचा व्हिडिओ पाठवला, त्यात खरंच वीसेक कासवं ओंडक्यावर ऊन खात होती, आणि खरं सांगते, मला रडू आलं की चिंगीला असं मिळणार. पिकअपचे १,८५०, दिले. डिझेल लागतंच ना, मला गैर वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी क्वारंटाइन डिपॉझिट ६,५००, महिन्याने परत मिळणार. नव्या कासवाला वेगळं ठेवायला लागतं हे मला माहीत होतं, त्यामुळे उलट माणूस जाणकार वाटला. मग हेल्थ सर्टिफिकेटचे २,२००. व्हॅन रोज "उद्या" होती.

आणि आता तो क्षण, जो मी रोज रात्री आठवते. बुधवारी रात्री पावणेअकराला त्याने पीडीएफ पाठवला, हस्तांतरणाचा फॉर्म. माझं नाव, पत्ता, आधार नंबर (आधारचा फोटो आदल्या दिवशी मीच पाठवला होता), आणि प्राण्याच्या रकान्यात लिहिलेलं, "स्टार टॉर्टॉइज, नग १". मी ओट्याशी उभी होते, दुधाचं पातेलं गॅसवर, आणि मला ते दिसलं. दिसलं नाही असं नाही! मी लगेच लिहिलं, अहो ही स्टार नाही, स्लायडर आहे, फोटोत लाल पट्टा बघा. त्याचं उत्तर आलं, "ताई सॉफ्टवेअरमध्ये तेवढाच ऑप्शन आहे, सही करून पाठवा, पुढे करेक्शन होतं."

जो माणूस कासवांचं केंद्र चालवतो तो स्लायडरला स्टार कसा म्हणेल? स्टार म्हणजे घुमटासारखं काळं कवच, त्यावर पिवळ्या चांदण्या, हत्तीसारखे पाय, जमिनीवर राहणारं, खोल पाण्यात टाकलं तर बुडून मरेल. स्लायडर पाण्यातलं, बोटांना पडदे. मराठीत आपण दोघांनाही कासवच म्हणतो म्हणून लोकांचा गोंधळ होतो ते ठीक आहे, पण माझा झाला नव्हता, मला फरक माहीत होता, मी तो लिहूनसुद्धा कळवला आणि तरी सही करून फोटो पाठवला. कारण नणंद रविवारी येणार होती आणि डोक्यात फक्त व्हॅन होती. ती टायपिंगची चूक नव्हती, फास तोच होता.

शुक्रवारी दुपारी ऑफिसात असताना व्हिडिओ कॉल आला. खाकी कपडे, मागे झाडाचा बोर्ड, टेबलावर फाइल. म्हणे वन्यजीव गुन्हे शाखेतून बोलतोय, एका कासव तस्कराला पकडलंय, त्याच्याकडे तुमच्या सहीचा कागद मिळालाय, तुमच्या नावावर स्टार टॉर्टॉइज आहे. कागद कॅमेऱ्यासमोर धरला, माझीच सही. "मॅडम, शेड्यूल एक आहे, तीन ते सात वर्षं." आणि हे खोटं नाही हो, इथेच तर मी अडकले. स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेच, पाळणं, विकणं, विकत घेणं सगळा गुन्हा आहे, शिक्षा तेवढीच आहे. खऱ्या कायद्याची भीती घालून लुटलं मला. फोन बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही, नाहीतर ऑफिसात गाडी पाठवतो. मी जिन्यात जाऊन बसले. "कंपाउंडिंग फी" (म्हणजे पैसे भरून गुन्हा मिटवायचा) २०,००० यूपीआयने, मग "जामीन रक्कम" १८,००० अजून. ते १८,००० लेकीच्या क्लासच्या फीसाठी ठेवलेले.

डिजिटल अरेस्ट आपण सगळ्यांनी ऐकलंय, मीही ऐकलं होतं, सासऱ्यांना मीच समजावलं होतं. पण ते सगळं पार्सल, ड्रग्ज, सीबीआय असं असतं असं डोक्यात बसलेलं. कासवावरून कुणी असं करेल हे मनातच येत नाही, आणि हातात माझ्या सहीचा कागद होता. ज्यांना वाटतंय आपण नसतो फसलो, त्यांनी आधी कुणाकुणाला आधारचा फोटो पाठवलाय ते आठवा.

रविवारी रात्री नवऱ्याला सांगितलं, तोवर दोन दिवस गेले होते. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच, पहिल्या तासात फोन करा, पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत. मी सोमवारी केला. एका खात्यात ४,११२ रुपये अडवले गेले, बाकीचे निघून गेलेले.

चौकीत गेलो. पहिला प्रश्न, "कासव? कशाला पाळता हो?" शेजारचा दुसरा हसला. मी फसवणुकीची तक्रार द्यायला आलेय, आणि ते मला विचारतात की कासवाचं लायसन आहे का. स्टार आणि स्लायडर वेगळं, हे तीनदा सांगितलं, फोटो दाखवला. म्हणाले आधी जंगलखात्याचं पत्र आणा की हे चालतं. तिथे गेलो, अर्धी रजा टाकून, साहेब फील्डवर. परत गेलो. "हे परदेशी आहे, आमच्या कायद्यात येत नाही, आम्ही कशाला पत्र देऊ?" मग म्हटलं निदान कासव तरी कुठे द्यायचं ते सांगा, तर म्हणे ते पण आमचं काम नाही. पालिकेत विचारलं, आम्ही कुत्रीमांजरी बघतो. बँकेत ती मुलगी म्हणाली, ओटीपी कुणी चोरला नाही, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, मग बँक काय करणार. स्वतः पाठवले! घाबरवून काढून घेतले तरी स्वतः पाठवले. आणि ते ४,११२ रुपये समोर दिसतायत, पण परत मिळायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. वकिलाने फी सांगितली ५,०००. चार ऑफिसं, सहा फेऱ्या, अडीच रजा, आणि हातात एक पोचपावती ज्यावर "प्रक्रिया सुरू" लिहिलंय. माझ्या नावाचा, माझ्या सहीचा तो स्टार टॉर्टॉइजचा कागद अजून कुणाकडे तरी आहे, उद्या कुणी वापरला तर, हे मी प्रत्येक ठिकाणी विचारलं. एकानेही लिहून घेतलं नाही. शेवटी तो पीडीएफ, माझा "ही स्लायडर आहे" हा मेसेज आणि चिंगीचे फोटो असं सगळं मीच ऑनलाइन तक्रारीला जोडलं. तुम्हीही चॅट डिलीट करू नका, कितीही लाज वाटली तरी.

सरकारी फी कुणाच्या खाजगी यूपीआयवर जात नाही. वनाधिकारी व्हिडिओ कॉलवर जामीन देत नाही. कुणी वन विभागाचं नाव घेतलं तर फोन ठेवा आणि महाराष्ट्रात १९२६ ही त्यांची हेल्पलाइन आहे, तिथे स्वतः फोन करून विचारा. कासव घ्यायला खरोखर येणारा माणूस आधी त्याची जागा दाखवतो, तुम्ही येतो म्हणालात तर टाळत नाही. मी "रविवारी केंद्र बघायला येऊ का" विचारलं होतं, तर उत्तर आलं, क्वारंटाइनमुळे व्हिजिटर बंद.

आणि दुकानात कुणी "चांदणीचं कासव, घरात भरभराट होते, पेपर देतो" म्हणालं तर पेपर बघूच नका, बाहेर पडा. तसा पेपर नसतोच. आपल्या नदी-तळ्यातली कासवंही दुकानात चोरून विकतात, तीही घेऊ नका. स्लायडर आधीच घरात असेल तर मोठा टब, फिल्टर, ऊन खायला कोरडी जागा, आणि यूव्हीबीचा बल्ब वर्षाच्या आत बदला, तो पेटलेला दिसतो पण त्यातलं यूव्हीबी संपलेलं असतं. टबाचं पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नका.

चिंगी आमच्याकडेच आहे. बाल्कनीत टब हलवला, बाजूला जुन्या कूलरच्या ट्रेमध्ये बांधकामाची वाळू चाळून भरली, विटांचा उतार केला. एवढंच करायचं होतं, ८०० रुपयांत झालं. तिसऱ्या रात्री ती मागच्या पायांनी उकरत बसली, एक पाय, मग दुसरा, तासभर, आणि सहा अंडी घालून वाळू सारखी करून परत पाण्यात गेली. नणंद आणि बाळ आतल्या खोलीत असतात, बाल्कनीला हात लावला की आधी साबण.

आता कारण. परवा त्याच ग्रुपवर एका मुलीने दोन स्लायडरचे फोटो टाकले, हॉस्टेलला चाललेय, कुणी घेईल का. खाली पहिलाच रिप्लाय, वेगळा नंबर, वेगळं नाव, पण डीपी तीच आणि व्हिडिओही तोच, ओंडक्यावरची वीस कासवं. "ताई, व्हॅन पाठवतो." मी खाली लिहिलं की हा फ्रॉड आहे, तर दहा मिनिटांत माझीच कमेंट उडवली. त्या मुलीला वेगळा मेसेज केलाय, अजून तिने बघितलेला नाही. तुमच्यापैकी कुणी त्या ग्रुपवर असेल आणि तिला ओळखत असेल तर तिला आजच फोन करा.