रिनोवेशनवाल्याचा अनुभव, २ स्टार (ते पण पेंटरमुळे)

नाव टाकत नाहीये, अजून त्याच्याशी वाद चालूय. सिंहगड रोडला जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके घेतला होता, तिसरा मजला, लिफ्ट नाही, ५२ लाखाला. नीट करून विकायचा एवढाच प्लॅन. बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला म्हणून स्टॅम्प ड्युटी ७ ऐवजी ६ टक्के लागली, म्हणजे ३.१२ लाख, वर रजिस्ट्रेशनचे ३० हजार.

काम दिलं एका टर्नकी वाल्याला, म्हणजे सगळं काम एकाच कॉन्ट्रॅक्टरकडे. दिसायला काम झकास, खोटं कशाला बोलू. कडप्प्याचा ओटा काढून ग्रॅनाइट, भिंतींना पुट्टी एकदम गुळगुळीत, पेंटर तर हिरा माणूस. त्यानेच सांगितलं की दाराची सागवानी चौकट फेकू नका, घासून पॉलिश मारतो. कॉन्ट्रॅक्टर ती भंगारात द्यायला निघाला होता आणि फ्लॅट घ्यायला आलेल्या लोकांनी सगळ्यात आधी तिच्यावरच हात फिरवला 😄

घोळ बाथरूममध्ये. फोडलं, वॉटरप्रूफिंग "केलं" आणि तिसऱ्या दिवशी टाईल्स लावून मोकळे. मी म्हटलं अहो निदान २४ तास पाणी भरून ठेवून बघा, तर म्हणे साहेब वीस वर्षं हेच करतोय. महिन्याभरात खालच्या काकू वर आल्या, त्यांच्या बेडरूमच्या छताला पोपडे. नहाणी ट्रॅपच्या (पाणी जायच्या जाळीखालचा भाग) कडेनं सगळं पाणी खाली चाललेलं. वीस वर्षंवाले फोनच उचलेनात, शेवटी दुसऱ्याकडून परत फोडून घेतलं, ३८ हजार गेले, आणि काकूंचं छत रंगवून दिलं ते वेगळं.

पण खरी चपराक बिलाची. काम देतानाच कॉन्ट्रॅक्टर पक्कं बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वेगळा म्हणाला, त्याचं काम ४.२२ लाखाचं, म्हटलं ७६ हजार वाचतील आणि कच्च्या कागदावर गप्प बसलो, माझाच शहाणपणा. नऊ महिन्यांनी फ्लॅट गेला ६४ ला. रिनोवेशन सगळं मिळून ५.८०, दोन्ही वेळचा ब्रोकर १.१६, सगळं वजा जाता हातात दीड लाखाच्या आसपास, मेंटेनन्स तर धरलाच नाही. आता सीए म्हणतो २४ महिन्यांच्या आत विकलंय म्हणजे नफा शॉर्ट टर्म (कमी मुदतीचा), त्यावर पगारासारखा स्लॅबप्रमाणे टॅक्स, आणि खर्च धरायचा तर बिलं आणा. बिलं आहेत फक्त आम्ही स्वतः आणलेल्या टाईल्स आणि फिटिंगची, १.२० लाखाची. म्हणजे कागदावर सव्वासहा लाख नफा!! बायकोचा पगार आधीच वरच्या स्लॅबमध्ये, त्यामुळे टॅक्स भरून उलट खिशातूनच जाणारेत. घरात हा विषय सध्या काढत नाही.

त्याच्या व्हॉट्सॲपच्या डीपीला अजून आमच्याच ओट्याचा फोटो आहे. पेंटरचा नंबर हवा असेल तर मेसेज करा, तो आता स्वतंत्र कामं घेतो.