गृहकर्जाबरोबर मिळालेला ‘घराचा विमा’ आणि पुरात गेलेलं घर

गृहकर्ज घेताना बँकेने ‘घराचा विमा’ म्हणून पैसे कापून घेतले असतील, तर ती पॉलिसी आजच शोधून काढा आणि विमा नक्की कशाचा आहे ते वाचा. तिच्यात घराचा पत्ता मालमत्ता म्हणून कुठेच नसेल आणि तुमची जन्मतारीख, वारसाचं नाव नि आजारांची प्रश्नावली असेल, तर तो विमा तुमच्या जिवाचा आहे. उद्या पुराने भिंती खचल्या तरी त्यातून एक रुपया मिळणार नाही. आम्हाला हे २०२१ च्या जुलैत, सांगलीत, घरातला गाळ उपसून झाल्यावर कळलं. तोपर्यंत आम्ही विम्याच्या भरवशावर होतो.

२०१९ च्या महापुरानंतर सांगलीत घर बघायला निघालेला माणूस पहिला प्रश्न पाण्याचा विचारतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. त्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं होतं. त्यामुळे २०२० च्या शेवटी घर बघताना आम्ही गावभाग, सांगलीवाडी, कर्नाळ रोड हे सगळं वगळलं आणि नदीपासून बरंच लांब, एका नव्या वसाहतीतलं रो-हाऊस पसंत केलं. मागे एक ओढा होता, उन्हाळ्यात जवळजवळ कोरडा.

बिल्डरला मी स्पष्ट विचारलं होतं की २०१९ ला इथे पाणी आलं होतं का. “ताई, ओढ्याच्या त्या अंगाला आलं होतं, इकडे थेंब नाही,” असं तो म्हणाला. मग नकाशाची एक रंगीत झेरॉक्स काढून दाखवली. त्यात निळी रेषा होती आणि आमचा प्लॉट तिच्या बाहेर होता. ते खरंच होतं. पण पूररेषा दोन असतात, आणि दुसरी त्या झेरॉक्समध्ये नव्हतीच. माझ्या नवऱ्याने लाल रेषेबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, “लाल म्हणजे शंभर वर्षांचा पूर. तो येऊन गेला की २०१९ ला. आता शंभर वर्षं निवांत.”

या एका वाक्यावर आपल्याकडे किती घरं विकली गेली असतील! म्हणून ते नीट समजून घेऊ. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. ढोबळमानाने निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध क्षेत्र. निळी आणि लाल यांच्यामधला पट्टा नियंत्रित क्षेत्र; तिथे बांधकामाला परवानगी मिळू शकते, पण जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घेण्यासारख्या अटी असतात. आता ‘शंभर वर्षांतून एकदा’ याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. दर पावसाळ्यात तेवढं पाणी येण्याची शक्यता एक टक्का, असा तो अर्थ आहे. गेल्या वर्षी येऊन गेलं असलं तरी यंदाही एक टक्का. २० वर्षांचं कर्ज धरलं तर त्या काळात एकदा तरी लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के होते. निळ्या रेषेच्या बाबतीत हेच गणित ५५ टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे न येण्यापेक्षा येण्याचीच शक्यता जास्त. आणि या रेषा मागच्या नोंदींवरून आखलेल्या असतात. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन मोठे पूर सोळा वर्षांत पाहिले आहेत.

नदी लांब आहे यानेही निर्धास्त होऊ नका. कृष्णा चढली की ओढ्या-नाल्यांचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि नदीच उलटी ओढ्यातून आत शिरते. आमच्याकडे पाणी समोरच्या रस्त्याने आलंच नाही. ते मागून, ओढ्याच्या बाजूने चढलं, आणि त्याच्याही आधी मोरीच्या जाळीतून वर आलं.

आता विम्याकडे येते, कारण खरी फसवणूक तिथे झाली.

कर्ज ३५ लाखांचं. मंजुरी झाली होती, बिल्डरने पैशांसाठी तगादा लावला होता, आणि सह्यांच्या दिवशी शाखेतल्या विम्याच्या टेबलावरच्या मुलाने आणखी एक फॉर्म पुढे सरकवला. “मॅडम, घराचा विमा कंपल्सरी आहे. त्याशिवाय डिस्बर्समेंट होत नाही.” म्हणजे कर्जाचे पैसे सुटत नाहीत. मी विचारलं, पुराचं यात येतं ना? त्याने मान वर न करता सांगितलं, “आग, पूर, भूकंप, सगळं येतं.” किती पैसे, तर १ लाख १२ हजार, एकदाच. रोख भरायचे नाहीत, कर्जातच मिळवून टाकतो, हप्त्यात कळणारही नाही. आसपासच्या टेबलांवर इतर कर्जदारांनाही हेच ऐकवलं जात होतं.

त्या संवादातली सक्तीची गोष्ट आणि पुराची गोष्ट, दोन्ही धादांत खोट्या होत्या. गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्याने लागतो, तसा घराला पूरविमा सक्तीचा करणारा कायदा आपल्या देशात नाही. कर्जाच्या करारात ‘कर्जदाराने तारण मालमत्तेचा विमा उतरवून ठेवावा’ असं कलम असतं, आणि ते रास्तही आहे. पण तो विमा कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे बँक लादू शकत नाही. कर्ज हवं तर आमच्याच कंपनीचा विमा घ्या, असं म्हणणं रिझर्व्ह बँकेच्या आणि विमा नियामकाच्या नियमांविरुद्ध आहे.

जे आमच्या गळ्यात मारलं ते होतं ग्रुप क्रेडिट लाइफ, म्हणजे कर्जदार दगावला तर उरलेलं कर्ज फेडणारा जीवनविमा. हा प्रकार मुळात वाईट नाही. घरातला कमावता माणूस गेला तर कुटुंबावरचा बोजा उतरतो. ज्याला हवा त्याने जरूर घ्यावा, फक्त बाहेरच्या साध्या टर्म विम्याशी, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या विम्याशी, किंमत ताडून. पण घराचा, पुराचा म्हणून तो विकणं ही सरळ फसवणूक आहे. वर १ लाख १२ हजार कर्जात मिळवल्यावर सात टक्क्यांनी २० वर्षांत त्याचे दोन लाखांच्या पुढे होतात.

पॉलिसी आमच्या हातात कधी आलीच नाही. विचारलं की “ईमेलवर जाईल” असं सांगायचे. नंतर अर्जाची प्रत मिळवली तेव्हा उलगडा झाला. नाव, जन्मतारीख, पॅन आमचं. ईमेल मात्र भलत्याचाच, आणि मोबाईल नंबरमधले शेवटचे दोन आकडे बदललेले. विमा कंपनी पॉलिसी देताना ग्राहकाला फोन करून विचारते की तुम्ही काय घेताय ते तुम्हाला माहीत आहे ना. तो फोन आम्हाला येऊ नये याची सोय अर्जातच केलेली होती. पॉलिसी न पटल्यास परत करण्याची मुदतही अशीच निघून जावी, हा हिशेब.

२०२१ च्या जुलैत पाणी आयर्विनला ५४ फुटांच्या पुढे गेलं. आमच्या खालच्या मजल्यावर ते कमरेच्या वर होतं. ओसरल्यावर गिलावा हाताने निघत होता, दारं फुगून चौकटीत अडकली होती, वायरिंग सगळं नवीन करावं लागणार होतं. बिल्डरने जिन्याखाली एक प्लायवूडचं कपाट ‘आमच्याकडून भेट’ म्हणून बसवून दिलं होतं. ते भिजून फुटलं, म्हणून सुताराने उपटून काढलं. मागे गिलावा न केलेल्या विटा होत्या. त्यांच्यावर ताज्या ओल्या गाळाची रेघ, आणि तिच्या साधारण दोन हात वर दुसरी, वाळलेली, पिवळट रेघ. २०१९ ची. समोरच्या जुन्या घरातल्या काकांनी मग सांगितलं की तेव्हा इथे नुसता सांगाडा उभा होता, गिलावा आणि रंग पूर ओसरल्यावर झाला. आम्ही दोन्ही रेघांचे टेप लावून फोटो काढले. बिल्डरविरुद्धच्या तक्रारीत तो आमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे.

विम्याचा दावा करायला शाखेत गेलो तेव्हा तो मुलगा बदलून गेला होता. नव्या बाईंनी कॉम्प्युटरवर बघून विचारलं, “यात मृत्यू कोणाचा झालाय?”

तलाठ्याच्या पंचनाम्यावर सरकारी सानुग्रह मदत मिळाली. त्यात दारं-चौकटीसुद्धा झाल्या नाहीत. ती मदत तातडीच्या गरजेसाठी असते, घर उभं करायला नव्हे. हप्ते मात्र चालूच होते. त्याच सुमारास ‘तुमचा पुराचा क्लेम मंजूर झालाय, प्रोसेसिंग फी भरा’ असे फोनही यायला लागले. पूर आला की ही टोळधाड येतेच. त्यांना काहीही सांगू नका, काहीही भरू नका.

तक्रारीचा रस्ता लांब आहे, पण तो चालण्यासारखा आहे. आधी विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी पत्र, पोच घेऊन. महिनाभरात उत्तर नाही आलं, किंवा नकार आला, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी. सांगलीसाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. बँकेने जबरदस्ती केली या मुद्द्यावर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेगळी तक्रार करता येते. आमच्या बाजूने पारडं झुकवलं ते त्या बदललेल्या ईमेलने आणि मोबाईल नंबरने. पॉलिसी ग्राहकापर्यंत पोचलीच नाही, तर ती परत करण्याची मुदत सुरू कशी झाली, याला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. विम्याचा हप्ता परत आला आणि कर्जाच्या मुद्दलातून वजा झाला. घराचं नुकसान मात्र कुणी भरून दिलं नाही, कारण घराचा विमा अस्तित्वातच नव्हता. बँकेच्या फाईलमध्ये मात्र ‘मालमत्ता विमा’ या रकान्यापुढे बरोबरची खूण होती. कुठल्या पॉलिसीच्या जोरावर ती केली, हे मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

खरा घरविमा कसा असतो, तेही सांगते. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना, म्हणजे जीवनविमा सोडून इतर विमे देणाऱ्या कंपन्यांना, ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी देणं बंधनकारक झालं. तिच्यात आग, भूकंप, वादळ यांच्याबरोबर पूर आणि पाणी साचणं मूळ संरक्षणातच येतं. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, एवढं घरातल्या सामानाचं संरक्षण आपोआप मिळतं. दागिने, चित्रं अशा मौल्यवान वस्तू वेगळ्या सांगाव्या लागतात. विमा रक्कम बांधकामाच्या खर्चावर काढतात, म्हणजे क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर. जागेची किंमत त्यात धरायची नाही, कारण जमीन वाहून जात नाही. म्हणून ५० लाखांच्या घरालाही विमा बराच कमी रकमेचा लागतो, आणि साध्या घराचा वार्षिक हप्ता सहसा लाखाच्या आसपासही जात नाही. काही हजारांत बसतो. पॉलिसी वर्षाची असेल तर नूतनीकरणाची तारीख स्वतः लिहून ठेवा, बँक आठवण करत नाही. पूर आलाच तर धुण्याआधी प्रत्येक खोलीत पाण्याच्या रेघेचे फोटो काढा, भिजलेलं सामान सर्व्हेअर (नुकसान मोजायला येणारा माणूस) बघून जाईपर्यंत फेकू नका आणि कंपनीला लगेच लेखी कळवा.

आणि घर घ्यायच्या आधी नकाशा बिल्डरच्या हातून बघू नका. महापालिकेच्या नगररचना विभागात किंवा जलसंपदा विभागाच्या कार्यालयात गट नंबर सांगून निळी आणि लाल, दोन्ही रेषा बघा. मंजूर नकाशावर जोत्याची पातळी काय दिलीय ते पाहा आणि जागेवर टेप लावा. आजूबाजूच्या जुन्या घरांत जाऊन विचारा. पुराची उंची लोक बरोबर दाखवतात, बहुतेकदा हाताने, भिंतीवर.

आमच्याच ओळीतल्या शेजाऱ्यांनी नंतर आपापले कागद काढले. अनेकांकडे तोच ग्रुप क्रेडिट लाइफ निघाला. ज्यांना तपासायचं आहे त्यांनी बँकेला एवढंच लिहून विचारावं, तोंडी नको: ‘माझ्या कर्ज खात्यातून विम्यापोटी घेतलेली रक्कम किती, पॉलिसी नंबर काय, ती जीवनविम्याची आहे की मालमत्तेची, मालमत्तेची असल्यास पत्ता व विमा रक्कम काय, आणि पुराने होणारं नुकसान त्यात समाविष्ट आहे का, हे लेखी कळवावे. पॉलिसी व मूळ अर्जाची प्रत द्यावी.’ अर्जाची प्रत आली की आधी ईमेल आणि मोबाईल नंबर तुमचाच आहे का ते बघा.