साडेतीन कोर की चार कोर, जीआय की तांबं? न्यूट्रल-अर्थिंगवर पैसे कुठे घालायचे

शेड उभं राहिलंय, 11 केव्ही / 433 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर मंजूर झालाय आणि आता डीपीपासून (ट्रान्सफॉर्मर बसवलेला दोन खांबांचा सांगाडा) पॅनलपर्यंत केबल कुठली ओढायची आणि अर्थिंगला तांबं घालायचं की जीआय (जस्त चढवलेलं लोखंड) एवढंच अडलंय, असं धरून लिहितोय. वायरमन म्हणणार, "शेठ, न्यूट्रलमधनं काय जातंय, साडेतीन कोर बास."

लोड मोटारींचं असेल तर त्याचं बरोबर आहे. साडेतीन कोरमध्ये न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी तार, साधारण निम्मा असतो, फेज 70 स्क्वेअर एमएम तर न्यूट्रल 35; चार कोरमध्ये चारही सारख्या जाडीच्या. इचलकरंजीत लूमच्या शेडमध्ये थ्री फेज मोटारींना न्यूट्रल लागतच नाही, त्यावर येतात फक्त ट्यूबा, पंखे आणि फारतर ऑफिसातला एसी, मग चार कोरला जास्तीचे पैसे कशाला? थ्री फेज व्हीएफडी (मोटारीचा वेग बदलणारे ड्राइव्ह) लावलेत तरी हेच, त्यांचे हार्मोनिक, म्हणजे 50 हर्ट्झच्या पटीतले जास्तीचे करंट, मुख्यतः पाचवे-सातवे, न्यूट्रलला त्यांचा फारसा त्रास नाही.

कॉम्प्युटर, एलईडी, सिंगल फेज यूपीएस असलं लोड असलं की मात्र गणित उलटं होतं. याचा थर्ड हार्मोनिक, म्हणजे 150 हर्ट्झवाला करंट, तिन्ही फेजचा मिळून न्यूट्रलमध्ये शून्य होत नाही, त्याची चक्क बेरीज होते. एका ऑफिसात क्लॅम्प मीटर लावून बघितलं होतं, तीन फेजपैकी आर 92, वाय 88, बी 90, बॅलन्स असा की वायरमनला शाबासकी द्यावी, आणि न्यूट्रलवर 104 अँपिअर! लग (केबलच्या टोकाचा जोड) काळा पडलेला, स्लीव्ह वितळून त्याला चिकटलेली. (साधा स्वस्त क्लॅम्प इथे कमी दाखवतो, वेडावाकडा करंटही बरोबर मोजणारा ट्रू आरएमएसवालाच वापरा.) असल्या ठिकाणी चार कोरच घ्या, घासाघीस नको, कारण तो लग जळून न्यूट्रल सुटला तर ज्या फेजवर लोड कमी तिथे 230 च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट जातात आणि एका मिनिटात सगळे अडॉप्टर खलास.

आता अर्थिंग. न्यूट्रलमधनं रोज करंट वाहतो, अर्थची पट्टी फॉल्ट होईपर्यंत गप्प असते. दोघांची गाठ ट्रान्सफॉर्मरच्या स्टार पॉइंटला (तिन्ही फेजची वाइंडिंग एकत्र येतात तिथे) पडते, न्यूट्रलला दोन वेगळे पिट (अर्थिंगचे खड्डे), बॉडीला दोन वेगळे, आणि तिथून पुढे परत जोडायचं नाही. पॅनलमध्ये "अर्थ नीट मिळत नाही" म्हणून न्यूट्रलवरून जंपर मारणारे भेटतात, त्यांना हात जोडा. आरसीसीबी (करंट गळाला की तोडणारा स्विच) उगाच ट्रिप होत राहतो ते सोडा, मागे न्यूट्रल तुटला तर मशीनची बॉडीच लाइव्ह होते.

दुसरी चूक याच्या उलटी, मशीनशेजारी नुसता रॉड ठोकून मोकळं व्हायचं. हिशोब करा ना, मशीनचा पिट 3 ओहम, डीपीचा 1, 433 चा फेजला 250 व्होल्ट, म्हणजे फॉल्टला जेमतेम 62 अँपिअर, 125 चा एमसीसीबी (मेन ब्रेकर) ढिम्म हलणार नाही आणि बॉडीवर करंट तसाच. तीच पट्टी सलग डीपीपर्यंत नेली तर 100 केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, 4.5 टक्के इम्पिडन्सचा (करंटला आतला अडथळा), त्याच्या टर्मिनलपाशी 3000 अँपिअरच्या आसपास देतो, लांब केबलने ते कमी होतं पण ट्रिपला भरपूर उरतं.

म्हणून तांबं की जीआय हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, पट्टी सलग आहे का आणि जॉइंट घट्ट आहेत का हे आधी बघा. त्याच साइजमध्ये तांबं करंट बराच जास्त सोसतं हे खरं, पण महाग, आणि उघड्या डीपीवरनं रातोरात गायब होतं. देशावर मी जाड जीआयच घालतो. कोकणात खाऱ्या हवेला जॉइंट सडतात, तिथे निदान न्यूट्रलच्या अर्थिंगला तांबं परवडतं, फक्त तांबं आणि जीआय थेट एकमेकांवर बोल्ट करू नका, तांबं जीआयला खाऊन टाकतं.

आणि पिटचं रीडिंग मे महिन्यात घ्या, ऑगस्टमध्ये मुरमातसुद्धा छान येतं.