वाशीहून आणलेली भाजी हिरवी ठेवायची: पाकीट, वायू, फवारा की फ्रीज?

वाशीच्या मार्केटातून पहाटे माल उचलून ठाण्याच्या सोसायट्यांत विकायचा, तर पिवळेपणा रोखायला पैसे कशावर घालावेत? माझं मत आधीच सांगतो: पहिला खर्च फ्रीजवर, आणि फुकटातला उपाय म्हणजे फळं वेगळी ठेवणं.

पिकणारी केळी, आंबे, पपई इथिलीन वायू सोडतात. हे संप्रेरक, म्हणजे वनस्पतीच्या आतलं संदेश देणारं रसायन, पानातलं हरितद्रव्य मोडायला गती देतं. सायटोकायनिन नावाचं दुसरं संप्रेरक उलट काम करतं. ते मुख्यतः मुळांत तयार होतं, म्हणून कापलेल्या भाजीला मुळांकडून पुरवठा उरत नाही. त्यात भाजी सुकली की अॅब्सिसिक आम्ल हे तिसरं संप्रेरक वाढतं आणि पिवळेपणाला आणखी घाई होते. जुडीवर ओलं बारदान टाकण्याची जुनी पद्धत म्हणूनच शहाणपणाची.

ब्रोकोली विकत असाल तर इथिलीनचा मुद्दा गंभीरपणे घ्या. १० अंश तापमानात हवेत २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) इथिलीन असलं, तरी तिचं टिकणं साधारण निम्म्यावर येतं. आंब्याचे क्रेट त्याच टेम्पोत असले, तर इथिलीन शोषणाऱ्या पाकिटांवरचा खर्च वायाच समजा.

१-एमसीपी (१-मिथिलसायक्लोप्रोपीन) हा वायू पेशीत इथिलीन जिथे चिकटतो ती जागाच अडवतो, त्यामुळे ब्रोकोलीवर तो चांगला चालतो. पण हवाबंद खोली आणि काही तासांची धुरी लागते. टेम्पोवाल्याला परवडणारं हे काम नाही. मोठ्या गोदामवाल्यांनी विचार करावा.

सायटोकायनिनचा फवारा कागदावर सर्वांत मोहक. १९५७ मध्येच रिचमंड आणि लँग या संशोधकांनी कायनेटिन (एक सायटोकायनिन) दिलेली तोडलेली पानं जास्त काळ टिकतात, हे दाखवलं होतं. तरीही पानाच्या ज्या भागाला औषध लागतं तोच प्रामुख्याने हिरवा राहतो, आणि गिऱ्हाईक तीच कोथिंबीर कच्ची खातं. मी मारणार नाही.

पोटॅशियम परमँगनेटची पाकिटं स्वस्त, पण ती फक्त बंद डब्यातली हवा साफ करतात, पानाच्या आतला वायू नाही. जांभळे दाणे तपकिरी झाले की पाकीट संपलं.

थंडावा मात्र श्वसन, पाण्याची घट आणि इथिलीनचा परिणाम, सगळंच एकदम मंदावतो. कोथिंबीर, मेथी, ब्रोकोली शून्याच्या जवळ खुशाल ठेवा. भेंडी आणि काकडी त्याच कपाटात नको. ७ अंशांखाली भेंडी आणि १० अंशांखाली काकडी थंडीने खराब होते.