1 अंशाचा ॲक्सिकॉन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ॲक्सिकॉन म्हणजे एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने शंकूसारखं भिंग. ते लेसरचे किरण चहूबाजूंनी अक्षाकडे वळवतं, त्यामुळे बेसेल बीम तयार होतो: मधे बारीक ठिपका, भोवती वलयं, आणि तो ठिपका बरंच अंतर फुगत नाही. ते घेताना सगळे कोन बघतात. आठ महिन्यांच्या वापरानंतर आमचं मत असं, की आधी टोक बघा. या नगाचा कोन आणि कोटिंग सांगितल्याप्रमाणे निघालं. टोक मात्र सुरुवातीपासून त्रास देत आलं आहे.

मांडणी साधी आहे. बीके7 काच, व्यास 25.4 मिमी, पायाचा कोन (शंकूचा उतार सपाट बाजूशी करतो तो) 1 अंश. लेसर हीलियम-निऑनचा, 632.8 नॅनोमीटर, 5 मिलिवॉट. त्याचा 0.8 मिमीचा बीम 50 आणि 250 मिमीच्या भिंगांनी 4 मिमी केला आणि दोन्हींच्या मधल्या फोकसवर पिनहोल (बीम स्वच्छ करणारं बारीक छिद्र) ठेवलं. काचेचा अपवर्तनांक 1.515, म्हणून किरण अक्षाकडे 0.515 अंशाने, म्हणजे 0.009 रेडियनने वळतात. मधल्या ठिपक्याची पहिल्या काळ्या वलयापर्यंतची त्रिज्या 27 मायक्रॉन येते. 2 मिमी त्रिज्येला 0.009 ने भागलं की पल्ला, म्हणजे ठिपका टिकतो ते अंतर, 222 मिमी. इतक्याच बारीक ठिपक्यावर फोकस केलेला साधा गॉसियन बीम (मध्यावर प्रखर, कडेकडे मंद होत जाणारा, लेसरचा नेहमीचा) साडेतीन मिमीतच फुगायला लागतो.

1987 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डर्निन आणि सहकाऱ्यांनी असा बेसेल बीम दाखवला तो 2.5 मिमी व्यासाच्या, 10 मायक्रॉन रुंदीच्या गोल फटीतून. त्या पद्धतीत जवळजवळ सगळा प्रकाश फटीबाहेरच अडतो. ॲक्सिकॉन तो वाया घालवत नाही, हीच त्याची खरी किंमत.

पण 222 हा आकडा जसाच्या तसा धरू नका. गॉसियन बीम आत गेला की अक्षावरची तीव्रता पल्ल्याच्या निम्म्यावर, 111 मिमीला, सर्वांत जास्त असते. 222 ला ती कमाल तीव्रतेच्या 45 टक्के उरते, 333 ला साडेपाच टक्के. कमालीच्या अर्ध्याहून जास्त उजेड मिळतो तो साधारण 36 ते 213 मिमीच्या दरम्यान. काम तिथेच करायचं. शिवाय ठिपक्याभोवतीच्या प्रत्येक वलयात मधल्या ठिपक्याइतकीच ऊर्जा असते आणि पल्ल्याच्या मध्यावर अठ्ठावीसेक वलयं असतात, म्हणजे ठिपक्याच्या वाट्याला तीन-चार टक्केच. ठिपक्यात जास्त शक्ती हवी असेल त्यांनी हे आधीच हिशेबात धरावं.

आता टोक. कुठलाही शंकू अगदी अणकुचीदार घासला जात नाही. टोकाचा गोलावा 0.3 मिमी त्रिज्येपर्यंत असला, तर पहिले 33 मिमी तसेच गेले. त्याहून त्रासदायक म्हणजे गोल टोक छोट्या भिंगासारखं वागतं आणि त्यातून निघालेला प्रकाश पुढे अक्षावरूनच जाऊन शंकूच्या प्रकाशाशी व्यतिकरण करतो, म्हणजे दोन्ही लहरी एकमेकींत मिसळून कुठे वाढतात, कुठे घटतात. कॅमेरा रुळावरून अक्षाच्या दिशेने सरकवला की दर 16 मिमीला ठिपका उजळतो आणि मंदावतो. हा 16 चा आकडा तरंगलांबीला (1 उणे 0.515 अंशाचा कोसाइन) ने भागून येतो. मोजलेलं अंतर त्याच्याशी जुळलं, तर दोष टोकाचाच.

उपाय स्वस्त आहे आणि तो जरूर करावा. टोकापासून 200 मिमीवर 200 मिमी नाभीय अंतराचं भिंग ठेवा. त्याच्या फोकसवर 3.6 मिमी व्यासाचं बारीक, लख्ख कडं दिसेल आणि टोकाचा भटका प्रकाश कड्याच्या मधोमध जमेल. तिथे समांतर काचेच्या विंडोवर 2 मिमीची पोलादी बेअरिंग गोळी चिकटवायची, मॅट काळा रंग देऊन, नाहीतर ती आरशासारखी प्रकाश मागे फेकते. गोंद थेंबभरच, गोळीबाहेर पसरला की कडं विस्कटतं. मार्करचा ठिपका वापरू नका, त्यातून लाल प्रकाश थोडा झिरपतो. कड्याच्या बाहेरून आयरिस (लहान-मोठं करता येणारं गोल छिद्र) आवळला की कडेचा कचराही जातो. फोकसपासून आणखी 200 मिमीवर दुसरं 200 चं भिंग, आणि बीम पुन्हा तसाच उभा राहतो, चढउतार जवळपास नाहीसे झालेले. दुसरं भिंग 20 मिमीचं लावलं तर ठिपका दहापट बारीक होतो, पण पल्ला शंभरपट आखूड.

ॲक्सिकॉनच्या आधीचा आयरिस 8 मिमीच्या खाली आणू नका. 4 मिमीपर्यंत आवळला की कडेची तीव्रता 13.5 टक्क्यांवर एकदम तुटते आणि पल्ल्याच्या शेवटच्या भागात तरंग उठतात.

अलाइनमेंट सपाट बाजूच्या परावर्तनावर करा. अर्ध्या मीटरवरच्या आयरिसवर परत आलेला ठिपका 1 मिमी सरकलेला दिसला, तर भिंग 0.06 अंश कललेलं आहे. लेसर त्या परावर्तनाने अस्थिर होत असेल तर आयसोलेटर (प्रकाश एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा, भिंग कलवू नका. जास्त कललं की दूरवर ठिपका फुटतो आणि चार टोकांच्या चांदणीत चौकटीची नक्षी दिसते. तशीच नक्षी शंकू लंबवर्तुळाकार घासलेला असला तरी येते. फरक ओळखायला भिंग माउंटमध्ये फिरवा: नक्षी बरोबर फिरली तर काच परत करा, जागेवर राहिली तर कल काढा.

ठिपका 60 मिमीला आणि 160 मिमीला सारखाच दिसायला हवा. वाढत गेला तर आत येणारा बीम पसरतोय. दोष ॲक्सिकॉनचा नाही, 250 चं भिंग सरकवा. एनडी फिल्टर (प्रकाश मंद करणारी काच) ॲक्सिकॉनच्या आधी लावा. 3.45 मायक्रॉनच्या पिक्सेलवर ठिपका पंधरा-सोळा पिक्सेल रुंद येतो, मोजायला पुरेसा.

पहिला नग घेणाऱ्यांनी 1 अंशाचाच घ्यावा. 5 अंशाचा ठिपका 5.4 मायक्रॉनचा देतो, पण त्याच बीमवर पल्ला 44 मिमी उरतो आणि ठिपका बघायलाच ऑब्जेक्टिव्ह (सूक्ष्मदर्शकाचं भिंग) लागतं. विक्रेत्याकडून टोकाच्या गोलाव्याची त्रिज्या लेखी घ्या. ती न देणाऱ्याचा नग आम्ही पुन्हा घेणार नाही.

सफाईला फुंकणी पुरते. टिश्यू लागलाच तर मिथेनॉलने ओला करून टोकापासून कडेकडे एकदाच ओढा, टोकावरून आरपार कधीच नाही, आणि डबीत ठेवताना शंकू वर.