ऑरिफिलचा ५० नंबर सुती दोरा: प्लेट उघडून केलेली पारख

दोऱ्याची पारख मी रिळावर करत नाही. गोधडीचा वरचा भाग जोडून झाला की मशीनची सुईखालची प्लेट काढते, बॉबिन केस बाहेर घेते आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांमध्ये काय साठलंय ते बघते. ऑरिफिलचा ५० नंबरचा दोन पदरी (दोन धागे एकत्र पिळलेला) सुती दोरा इथे खरा उतरला.

दोरा इटालियन कंपनीचा, कापूस लांब तंतूचा. नारिंगी रिळावर १३०० मीटर येतो. तंतूच्या लांबीला इतकं महत्त्व का, ते प्लेटखाली कळतं. आखूड तंतूच्या दोऱ्याची टोकं जागोजागी बाहेर आलेली असतात. सुईच्या नेढ्यात आणि टेन्शनच्या (दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्यांत घासून ती गळतात, तेलात भिजतात आणि दात्यांमध्ये नमद्यासारखी घट्ट बसतात. मग कापड सरळ सरकत नाही, टाके लहानमोठे पडतात. या दोऱ्यानेही पूड पडते, सुतीच आहे तो. पण माझ्या मशीनमध्ये ती भुरभुरीत होती, ब्रश फिरवताच निघाली.

मला सर्वात आवडलं ते शिवणीचं सपाटपण. नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक: ५० नंबर म्हणजे ५० किलोमीटर दोऱ्याचं वजन १ किलो. मात्र सगळेच नंबर याच पद्धतीने दिलेले नसतात, म्हणून पदरही बघावेत. ५० नंबरचाच तीन पदरी दोरा हाताला जाड लागू शकतो. पाव इंची शिवण दुमडली की जाड दोरा घडीत जागा खातो. एका शिवणीत ते जाणवत नाही. बारीक तुकड्यांचा ब्लॉक (गोधडीचा जोडलेला चौकोन) मोजायला घेतला की मात्र कमी भरतो. या दोऱ्याने माझे ब्लॉक मापात आले, शिवाय बॉबिनमध्ये दोरा जास्त मावतो.

सुई ८०/१२ लावा. टेन्शन मला थोडं सैल करावं लागलं. आणि दोरा ओवताना कापड दाबून धरणारं फूट वर उचललेलंच हवं, तेव्हाच चकत्या उघड्या असतात. फूट खाली असेल तर दोरा चकत्यांच्या मध्ये बसत नाही, कापडाच्या उलट बाजूला गुंता होतो, आणि बोल बिचाऱ्या दोऱ्याला लागतो.

हाताने धावदोरा घालायला हा घेऊ नका, फार बारीक पडतो. त्यासाठी लेप दिलेला हातशिलाईचा दोरा मिळतो. तो मात्र मशीनला कधीही लावायचा नाही, लेप चकत्यांना चिकटतो. वरून टाके उठून दिसायला हवे असतील तर ४० नंबर आणि ९०/१४ची सुई.

सफाईला ब्रशच बरा. तोंडाने फुंकलं की ओलावा आत जातो, दाबाने भरलेल्या डब्यातली हवा मारली की पूड आणखी खोल जाते. नंतर शटलच्या कडेला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, आणि चिंधीवर दोन-चार ओळी शिवून जादा तेल टिपून घ्यायचं. स्वयंपाकाचं तेल नकोच, ते सुकून चिकट होतं. काही मशीनना घरी तेल घालायचं नसतं, त्यामुळे आधी माहितीपुस्तिका बघा.

एकच रीळ घ्यायचं असेल तर मध्यम राखाडी घ्या. रंगीबेरंगी तुकडे जोडताना तो बहुतेक कापडांत मिसळून जातो.