ट्रेझोर रेकॉर्ड्स: साउंडवाल्याच्या कानाने

टेक्नो, म्हणजे सिंथ आणि ड्रम मशीनवर केलेलं नाचाचं संगीत, नुसती धडधड आहे असं कुणी म्हणालं की मी वाद घालत बसत नाही. रॉबर्ट हूडचा 'इंटर्नल एम्पायर' लावतो. १९९४ चा अल्बम, बर्लिनच्या ट्रेझोर रेकॉर्ड्स या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने काढलेला. माझा धंदा साउंड सिस्टिम भाड्याने देण्याचा: लग्नं, गणपती, कंपन्यांचे कार्यक्रम. त्यामुळे गाणं आवडलं की नाही हे नंतर, आधी खालचा बास साफ येतो का तेच कान शोधतात. सब, म्हणजे खालच्या आवाजाचा मोठा स्पीकर, तपासायला मला तरी याच्यासारखा माल दुसरा मिळालेला नाही.

त्यातला 'मायनस' ऐका. सिंथचा एक छोटा तुकडा गोल गोल फिरत राहतो, खाली किक (मोठ्या ड्रमचा ठोका), वर थोडं हाय-हॅट (झांजेचा आवाज). बस्स. आपल्याकडच्या रिमिक्समध्ये किक, ढोल, बेसलाइन आणि वर एखादा सायरन असं सगळं एकाच जागी कोंबलेलं असतं. लिमिटर (आवाज मर्यादेत ठेवणारं यंत्र) सतत लाल आणि अठरा इंची सब नुसता गुरगुरतो. इथे एक किक संपते, स्पीकरचा कोन (पडदा) जागेवर येतो, मग दुसरी पडते. मधली जागा रिकामी सोडलीय म्हणून आवाज अर्ध्यावर असतानाही छातीत लागतं. पोरांना किती वेळा सांगितलं, जोर आवाज वाढवून येत नाही. ऐकतंय कोण!

ट्रेझोर मुळात क्लब. १९९१ मध्ये, बर्लिनची भिंत पडून दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, डिमिट्री हेगेमान आणि मंडळींनी वर्टहाइम नावाच्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीच्या तळघरात तो थाटला. लोखंडी गज, गंजलेले लॉकर, सगळं तसंच ठेवून. लेबलही त्याच वर्षीचं. आणि पहिली रेकॉर्ड कुणाची? 'एक्स-१०१', म्हणजे अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहराच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या टेक्नो गटाचे माइक बँक्स, जेफ मिल्स आणि हूड. पत्ता बर्लिनचा, पण या दुकानातला अस्सल माल डेट्रॉइटचा, असं माझं स्पष्ट मत आहे. २००५ मध्ये ती जागा गेली. २००७ पासून क्लब क्योपेनिकर श्ट्रासेवरच्या जुन्या वीजकेंद्रात आहे. लॉकरही तिकडे नेले.

मिल्सचा 'वेव्हफॉर्म ट्रान्समिशन व्हॉल्यूम १' (१९९२) म्हणजे वेगळंच प्रकरण. वेगवान, खरखरीत, वरचा आवाज कान कापणारा. स्वस्तातल्या टॉपवर (सबच्या वरच्या स्पीकरवर) लावू नका, ट्विटर (त्यातले बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) जातील. मला स्वतःला तो सलग ऐकवत नाही, पण 'चेंजेस ऑफ लाइफ' सुरू झालं की हात आपोआप आवाजाच्या फेडरवर (सरकत्या बटणावर) जातो.

ड्रेक्सियाचा 'नेपच्यून्स लेअर' (१९९९) मात्र डोळे मिटून घ्या. जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड ही जोडी. गुलामांच्या जहाजांवरून गरोदर बायकांना समुद्रात फेकलं, त्यांची मुलं पाण्याखालीच जन्मली आणि तिथेच त्यांचं राष्ट्र उभं राहिलं, ही त्यांनी रचलेली कथा. ती माहीत नसली तरी काही अडत नाही. ठेका प्रत्येक मात्रेला सरळ पडणारा नाही, तुटक इलेक्ट्रो आहे, आणि सगळं खरोखर पाण्यातून आल्यासारखं वाटतं. रात्री सामान ट्रकमध्ये चढवून झालं की घरी जाताना हेच.

कमी गुण कुठे? लेबलचं अलीकडचं बरंचसं नीट वाजतं, लक्षात राहत नाही. तिशीनिमित्त २०२१ मध्ये काढलेला बारा रेकॉर्डचा संच तर संग्राहकांनीच घ्यावा.

विनाइलच्या भानगडीत आपल्याकडून पडू नका. कुरिअर आणि कस्टम मिळून रेकॉर्डपेक्षा खोका महाग पडतो. बँडकँप या संगीत विकणाऱ्या साइटवर पैसे भरून वेव्ह फाइल उतरवून घ्या. यूट्यूबवरून ओढलेली एमपीथ्री घेऊन माझ्या सिस्टिमकडे आलात, तर लावणार नाही.